चुलत्यांची बोअर चालली की आमच्या विहिरीचा झरा का आटतो?

प्रश्न (तालुका सिन्नर)
आमची विहीर आजोबांच्या वेळची. ८ मीटर व्यास, ४५ फूट खोल. वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. मुरूम संपतो तिथे पूर्वेला मोठा झरा आहे. यंदा चुलत्यांनी बांधापलीकडे साठेक मीटरवर बोअर घेतली. ती रात्रभर चालली की सकाळी झऱ्याची जागा नुसती ओलसर दिसते. वडील म्हणतात, "आपली शीर तोडली." खाली खरंच अशी शीर वाहते का? चुलत्यांशी वाकडं घ्यायचं नाहीये, म्हणून आधी समजून घेतोय.

उत्तर (भूजलाचं काम करतो, पुणे)
दादा, पाणी मुरमाच्या छिद्रांतून नि खडकाच्या भेगांतून सावकाश सरकतं. उपसा सुरू झाला की आधी विहिरीतला साठा निघतो. तुमच्या विहिरीत मीटरभर पाणी म्हणजे सुमारे ५०,००० लिटर. पातळी उतरली की भोवतालचं पाणी उंच राहतं आणि त्या उताराने आत येतं. उतार दुप्पट तर प्रवाह दुप्पट, हे फ्रेंच अभियंता डार्सीने १८५६ साली वाळूच्या नळकांड्यावर दाखवलं. उपशाच्या जागेभोवती पातळी नरसाळ्यासारखी खचते, मध्याशी जास्त, लांब कमी. आपल्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, घनमीटरभर खडकातून साधारण १० ते ३० लिटरच पाणी सुटतं, त्यामुळे हे नरसाळं लांबवर पसरतं. बोअरचं नरसाळं तुमच्या झऱ्यापर्यंत आलं असणार.

उत्तर (जालना)
भाऊ, एक बघा. बोअरला केसिंग, म्हणजे भोकात आतून बसवलेला पाइप, कुठवर आहे? आमच्याकडे वरच्या २० फुटांनाच होतं. त्याखालच्या मुरमातलं पाणी मोटर बंद असतानाही बोअरमधून खालच्या भेगांत उतरत राहायचं. माझा त्यात पूर्ण उन्हाळा गेला.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. चार रात्री दोरीला गाठी मारून मोजलं. रोज संध्याकाळी विहीर एकाच खुणेपर्यंत उपसली, मग आमची मोटर बंद ठेवली. बोअर बंद होती त्या दोन्ही रात्री १२ तासांत पाणी ९० सेंटिमीटर चढलं, चालू होती तेव्हा ४०. म्हणजे रात्रीत २५,००० लिटरचा फरक! वही चुलत्यांना दाखवली. काकू म्हणाल्या, "अगं बाई, एवढं?" काका आता केसिंगचं बिल शोधतायत.