मदत हवी आहे: वर जायचा रस्ताच सापडत नाहीये

चहाबिस्कीट:
तीन दिवस झाले डोकं आउट झालंय. व्हाईटरनमधून वरच्या बाबांकडे जायचंय, सात हजार पायऱ्या आहेत म्हणे, पण पायऱ्या कुठे सुरू होतात तेच दिसत नाही. नकाशावर जागा अगदी बाजूला आहे, डोंगर समोर दिसतोय, तरी अर्ध्यावर गेलो की घसरून खाली किंवा मरतो. नकाशावर क्लिक केलं तरी जात नाही. प्लीज लवकर सांगा, मुलगी झोपल्यावर मला जेमतेम तासभर मिळतो.

दत्तभक्त_गोरेगाव:
आपण गिरनारबद्दल विचारत असाल तर पायऱ्या सात हजार नाहीत, दत्तशिखरापर्यंत दहा हजार धरा. जुनागढला उतरून तळेटीपर्यंत रिक्षा मिळते, रात्री चढायला सुरुवात करा म्हणजे ऊन लागत नाही. २०२० पासून रोपवे झालाय पण तो अंबाजीपर्यंतच, पुढे चालावंच लागतं. सोबत काठी ठेवा. जय गिरनारी.

चहाबिस्कीट:
काका गेम आहे हो

मुलुंड_पूर्व:
स्कायरिम का? गेमचं नाव तरी टाकायचंस, धागा उघडेपर्यंत मलापण ट्रेकिंगचा वाटला. कशावर खेळतोस, पीसी की स्विच? लेव्हल किती? आणि मरतोस म्हणजे नेमका कशाने, लांडगा, डाकू, ड्रॅगन की कड्यावरून पडून?

चहाबिस्कीट:
हो स्कायरिमच, अजून कुठल्या गेममध्ये व्हाईटरन आहे? पीसी. लेव्हल ६. ड्रॅगन मारला, मग आकाशातून मोठ्याने हाक आली, यार्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, सांगितलं वर जा. मी शहराबाहेर पडतो आणि डोंगराच्या दिशेने सरळ चालतो. यात काय चुकलं?

मुलुंड_पूर्व:
सरळ चालतोस हेच चुकलं. तू कुठे राहतोस माहीत नाही, पण ठाण्याहून बोरिवलीला जायचंय असं समज. नकाशावर हातभर अंतर, पण मध्ये अख्खं नॅशनल पार्क आहे, त्यातून तू चालत जातोस का? घोडबंदरने वळसा घालतोस ना. तसंच आहे हे. व्हाईटरन डोंगराच्या वायव्येला, मोकळ्या माळावर. आणि पायऱ्या सुरू होतात आयव्हरस्टेड नावाच्या खेड्यातून, जे डोंगराच्या पार पलीकडे, पूर्वेच्या अंगाला आहे. गावातला एक छोटा पूल ओलांडला की पहिली पायरी. व्हाईटरनच्या बाजूने पायवाटच नाही, नुसता कडा.

घोडेस्वार:
घोडा घे. व्हाईटरनच्या वेशीबाहेर तबेला आहे, हजार सोन्याच्या नाण्यांना मिळतो. स्कायरिमचा घोडा भिंत चढतो, मी सरळ कड्यावरून नेलाय. रस्ता वगैरे नवशिक्यांसाठी.

मुलुंड_पूर्व:
तो नवशिकाच आहे रे.

घोडेस्वार:
म्हणून तर घोडा.

चहाबिस्कीट:
माझ्याकडे ३४० आहेत.

जुनाखेळाडू:
ह्या दिशा दाखवणाऱ्या बाणामुळे पोरांची ही अवस्था झाली आहे. २००२ साली ह्याच मालिकेतला मॉरोविंड आला तेव्हा बाण नव्हता, चिन्ह नव्हतं. माणूस सांगायचा की बालमोराहून निघ, नदीच्या कडेने जा, पूल लागला की वळ, ते आपल्या डायरीत यायचं आणि आपण ते वाचत वाचत जायचो. चुकायचो, पण चुकून जे गाव सापडायचं ते आयुष्यभर लक्षात राहायचं. लांब जायचं तर सिल्ट स्ट्रायडर, म्हणजे एक अजस्र किडा, त्याच्या पाठीवर बसायचं, आणि तो ठरलेल्या गावांनाच जायचा, एसटीसारखा. मधल्या गावाला चालत जा. तिथे भूगोल कळायचा. आता नुसतं क्लिक.

भेंडीबाई:
जुनाखेळाडू आले, आता हे त्याहून जुन्या डॅगरफॉलवर जाणार.

जुनाखेळाडू:
जाणारच. १९९६ चा गेम, पंधरा हजारांवर गावं-शहरं-गुहा. स्कायरिमचा अख्खा प्रांत सुमारे ३७ चौरस किलोमीटर आहे. नॅशनल पार्कचा विषय निघालाच आहे तर सांगतो, बोरिवलीचं पार्क शंभर चौरस किमीच्या वर आहे, म्हणजे त्यात स्कायरिम दोनदा बसून वर जागा उरेल. आणि त्याला हे प्रांत म्हणतात.

मुलुंड_पूर्व:
आणि ती पंधरा हजार गावं सगळी एकसारखी, कॉम्प्युटरने पाडलेली. एकाचंही नाव आठवतंय का? स्कायरिमची नऊ होल्ड्स, म्हणजे जिल्हे, आणि नऊ राजधान्या मला झोपेत सांगता येतील. सॉलिट्यूड खडकाच्या कमानीवर आहे, खालून कार्थ नदी समुद्राला मिळते. मार्कार्थ ड्वेमर लोकांनी दगडात कोरलेलं. विंटरहोल्ड तर अर्धं समुद्रात गेलं, चौथ्या युगात १२२ साली, आता चार घरं, एक खाणावळ आणि कड्यावर लटकलेलं कॉलेज. पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा मला वाटलं गेम नीट लोड झाला नाही, हे शहर असूच शकत नाही. मग खाणावळीत कळलं की खरंच एवढंच उरलंय. ही गोष्ट पंधरा हजार गावांत नाही मिळत.

जुनाखेळाडू:
सॉलिट्यूडला राजधानी म्हणता आणि आमच्या बिल्डिंगच्या गणपतीला त्याहून जास्त माणसं आरतीला असतात.

निनावी_नारळ:
लॅपटॉप गरम होतो का? थर्मल पेस्ट बदलून घ्या. माझा हँग व्हायचा, लॅमिंग्टन रोडला नेला, आता मस्त चालतो.

चहाबिस्कीट:
लॅपटॉपला काही झालेलं नाही हो. मला वर जायचंय!! मुलुंड, तुम्ही म्हणता तो घोडबंदरवाला रस्ता कुठून?

मुलुंड_पूर्व:
व्हाईटरनच्या गेटातून बाहेर आलास की खाली रस्ता, तिथून पूर्वेला. डाव्या-उजव्या हाताचं सांगत नाही, तू नदी धर. व्हाईट नदी इलिनाल्टा तळ्यातून निघते, रिव्हरवुडवरून खाली येते, व्हाईटरनला वळसा घालून पूर्वेला विंडहेल्मकडे जाते. तिच्या काठाकाठाने जा. वॅल्थाइम टॉवर्स लागतील, नदीच्या दोन काठांवर दोन बुरूज आणि मध्ये दगडी पूल. तिथे एक डाकूबाई टोल मागते. ते ओलांडून पुढे गेलास की दक्षिणेला वळणारा रस्ता बघ, चौकात लाकडी पाट्या असतात, त्या वाच. तिथून चढ.

भेंडीबाई:
मुंबईच्या पाचही नाक्यांवर २०२४ ला छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, इथे मात्र चालूच 😂

चहाबिस्कीट:
त्या टॉवरपाशीच तर मरतो मी! एकदा तिकडूनपण गेलो होतो. टोल नाही दिला. मग औषध पितो तर जिवाची लाल पट्टी भरतच नाही, अर्ध्यावर येऊन थांबते. गेममध्ये बग आहे का?

घोडेस्वार:
घोडा असता तर टॉवरपाशी थांबावंच लागलं नसतं.

ठाणेवैदेही:
एक मिनिट एक मिनिट. लाल पट्टी अर्ध्यावर थांबते म्हणजे? उरलेला भाग काळपट दिसतो का? आणि दमाची हिरवी आणि जादूची निळी पट्टीपण अशीच आखूड झालीय का? आणि पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की नकाशावर क्लिक केलं तरी जात नाही, म्हणजे हाय ह्रॉथगारवरच, वरच्या बाबांच्या मठावरच, जात नाही की कुठेच जात नाही? रिव्हरवुडला आधी जाऊन आला आहेस ना, तिथे क्लिक केलं तर जातो का?

चहाबिस्कीट:
हो काळपट. तिन्ही. आणि क्लिक करून कुठेच जात नाही, मला वाटलं हा गेमच तसा आहे. भाच्याने इन्स्टॉल करून दिलाय, तो हॉस्टेलला गेला.

ठाणेवैदेही:
सापडलं. भाच्याने सर्व्हायव्हल मोड चालू ठेवून दिलाय. त्यात फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर क्लिक करून जाणं, बंद असतो. थंडीने लाल पट्टी आखूड होते, भुकेने हिरवी, थकव्याने निळी. तू बर्फातून सरळ कडा चढत होतास म्हणजे डाकूबाईने मारायच्या आधीच थंडीने अर्धमेला झाला होतास. औषधाने ती भरत नाही, शेकोटीपाशी उभं राहा, गरम सूप पी, केसाळ कपडे घाल. रात्री पलंगावर झोप, नाहीतर लेव्हलपण वाढणार नाही.

मुलुंड_पूर्व:
हे आधी सांगायचंस ना यार!! मी इतका वेळ नदी समजावतोय.

चहाबिस्कीट:
मला काय माहीत हे सांगायचं असतं. मला वाटलं सगळ्यांना भूक लागते.

जुनाखेळाडू:
बंद करू नकोस. खरा भूगोल याच मोडमध्ये कळतो. गाव म्हणजे काय, तर जिथे आग आणि पलंग आहे ते. एरवी मॉर्थल काय, डॉनस्टार काय, माणूस फिरकतो का तिकडे? पण अंगात थंडी भरली की दलदलीतल्या त्या मॉर्थलच्या खाणावळीचा उजेडसुद्धा देवळासारखा वाटतो.

घोडेस्वार:
पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. पण घोडा.

भेंडीबाई:
त्याला रोजचा एक तास आहे. सेटिंग्समध्ये गेमप्लेमध्ये जा आणि मोड बंद कर, सोपं. पण लक्षात ठेव, बंद केलास तरी आयव्हरस्टेडला पहिल्यांदा स्वतःच्या पायाने जावंच लागेल, जिथे आधी गेलाच नाहीस तिथे क्लिक करून पोचता येत नाही.

ठाणेवैदेही:
मी सांगू? वॅल्थाइमचा रस्ता नको आणि हेल्गेनकडून जायची जी खिंड आहे तीपण नको, तिथे बर्फच बर्फ. तू दादरवरून जा.

चहाबिस्कीट:
??

ठाणेवैदेही:
अरे ठाण्याहून बोरिवलीला ट्रेनने कशी जाते मी? उलटं दादरला जाते, सेंट्रलची वेस्टर्न बदलते आणि परत वर. किलोमीटर जास्त, पण बसून. तसंच इथे तबेल्याजवळ घोडागाडी उभी असते. सर्व्हायव्हलमध्येसुद्धा ती चालते. वीस नाण्यांत मोठ्या शहरात सोडते. रिफ्टनला जा. रिफ्टन पार आग्नेयेच्या कोपऱ्यात आहे, तुला वाटेल उलट दिशेला चाललो, पण उतरलास की होनरिच तळं, पिवळ्या पानांची बर्चची झाडं, हवा बरी, बर्फ नाही. तिथून रस्त्याने पश्चिमेला चालत राहा, आयव्हरस्टेडला पोचशील. तुझ्याकडे ३४० आहेत ना, येऊन-जाऊन पुरेल. वाटेत अस्वलं असतात तेवढं बघ.

मुलुंड_पूर्व:
बोरिवलीचा बोगदा होतोय आता, तुमचं दादर संपलं.

ठाणेवैदेही:
होईल तेव्हा होईल. मी रोजचं सांगतेय.

मुलुंड_पूर्व:
पण रिफ्टनवरून गेला तर वाटेतली ईस्टमार्चची गरम पाण्याची कुंडं नाही दिसणार त्याला, वज्रेश्वरीसारखी आहेत अगदी, पिवळट जमीन आणि वाफा. माझ्या रस्त्याने थोडं पुढे पूर्वेला गेलं की लागतात.

भेंडीबाई:
तो सहलीला नाही चालला.

निनावी_नारळ:
रिफ्टनला गेलाच आहात तर मारा देवीच्या देवळात जाऊन या. लग्न करता येतं. बाजारात किंवा पुजाऱ्याकडे माळ मिळते, ती गळ्यात घातली की लोक स्वतःहून विचारतात.

चहाबिस्कीट:
लग्न झालंय माझं. तीच विचारतेय किती वेळ बसणार म्हणून.

(दुसऱ्या दिवशी)

चहाबिस्कीट:
पोचलो!!! वैदेहीताई तुमच्या दादरने. मोड बंद नाही केला, जुनाखेळाडूंचं ऐकलं, वाटेत एकदा पावसात सापडलो आणि कोणाच्यातरी छावणीच्या शेकोटीपाशी पाच मिनिटं नुसता उभा राहिलो, लाल पट्टी हळूहळू परत लांब होताना बघत. आयव्हरस्टेडच्या खाणावळीत झोपलो. खिडकीतून डोंगर दिसतो का बघितलं तर खिडकीच नाही. सकाळी बाहेर आलो तर पूल समोरच. पुलापाशी एक माणूस म्हणाला की वरच्या लोकांसाठी शिधा आहे, पाय दुखतात, तू नेशील का. पिशवी घेतलीय. हे बरोबर केलं ना? काही फसवाफसवी नाही ना?

मुलुंड_पूर्व:
बरोबर. वर मठाच्या दारासमोर पेटी आहे, तिच्यात टाक आणि येताना त्याला भेट, पैसे देईल. पायऱ्या सात हजार वगैरे काही नाहीत, मोजल्यास तर हजारही भरणार नाहीत. वाटेत दगडी पाट्या लागतील, वाचत जा. आणि अर्ध्याच्या वर एक पांढरा केसाळ तीन डोळ्यांचा ट्रोल बसलेला असतो, त्याच्या अंगावर पळत जाऊ नकोस, जखमा आपोआप भरतात त्याच्या. आगीचा मंत्र आहे ना तुझ्याकडे? तोच वापर, लांबून. आणि अंगात ऊब असतानाच वर जा, तिथे बर्फ आहे.

घोडेस्वार:
घोड्यावरून त्याच्या बाजूने निघून जाता येतं.

चहाबिस्कीट:
तीन डोळे?? हे आधी सांगायचंत ना. आज राहू दे, उद्या सकाळी ८.१२ ची लोकल आहे.

दत्तभक्त_गोरेगाव:
चढताना दुसऱ्याचं ओझं घेऊ नका. गुडघे जातात. डोलीवाल्याला द्यायचं.