घरात पाऊल टाकलं की डोकं शांत व्हावं, यासाठी काय करावं? (वन बीएचके, डोंबिवली, बजेट ४० हजार)

अर्धा_कप
नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

तिसऱ्या मजल्यावर ४१० चौरस फूट कार्पेट. राहणारे चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. संध्याकाळी साडेसातला घरी पोचते. लोकलमध्ये घर कधी येतंय असं होतं, आणि दार उघडलं की वाटतं, परत जिन्यात जाऊन बसावं. (एकदा बसलेही. समोरच्या काकूंनी "किल्ली हरवली का गं?" विचारलं.)

हॉल पश्चिमेला, खाली रिक्षा स्टँड. चकचकीत पांढऱ्या टाइल्स, पांढऱ्या भिंती, दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब. टीव्हीवर मालिका, आत कुकर, दिवाणावर मुलाचा भूगोल. एका इंटिरियरवाल्याने फॉल्स सीलिंग, प्रोफाइल लाइट आणि एका भिंतीला राखाडी टेक्श्चर मिळून २ लाख ८० हजार सांगितले. "झेन थीम" म्हणाला. सासूबाईंनी विचारलं, "मग डबे कुठे ठेवायचे?"

भिंतींना कुठला रंग द्यावा? आणि हवा शुद्ध करणारी झाडं कुठली?

चुनखडी
रंगाचं शेवटी बघू. आधी ट्यूबचं खोकं सापडलं तर त्यावर वाचा, ६५०० के असणार (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा). तो भर दिवसाचा निळसर उजेड. रात्री तो डोळ्यांत गेला की शरीराला अजून दिवसच वाटतो, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. त्यात तुमच्या टाइल्स आरशासारख्या, म्हणजे खालूनही ट्यूबच. २७०० किंवा ३००० केचे दोन दिवे घ्या आणि छताला न लावता बसल्यावर खांद्याशी येतील असे ठेवा. मुलाच्या वहीवर मात्र ४००० केचा वेगळा टेबल लॅम्प.

फॉल्स सीलिंग करू नका. आधीच साडेनऊ फूट उंची असेल, त्यातली अर्धा फूट पैसे देऊन घालवायची?

खर्ज
मी ध्वनिमुद्रणात आहे. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. 'टण्ण' असं शेपूट ऐकू आलं ना, तेच तुमचं डोकं उठवतंय. टाइल, काच, भिंत, काहीच आवाज पीत नाही, सगळं परत फेकतं. सतरंजी, गोधडी, जाड पडदा आणा. पडदा खिडकीच्या दुप्पट रुंदीचा हवा, चुण्या पडल्या पाहिजेत. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

रिक्षांचा आवाज पडद्याने थांबत नाही, तो फटीतून येतो. सरकत्या काचेच्या कडेला ब्रशसारखी केसाळ पट्टी असते, ती झिजली असेल. बदलून घ्या.

फटकळ
टीव्ही बंद करा. फुकट आहे.

अर्धा_कप
@फटकळ, सासूबाईंना तुम्ही सांगता का? पत्ता देते.

खर्ज
बंद नको, जवळ आणा. टीव्हीचे स्पीकर बहुतेक मागे किंवा खाली तोंड करून असतात, म्हणून वयस्कर माणसं आवाज वाढवत राहतात. आजींच्या खुर्चीशेजारी छोटा स्पीकर ठेवा, त्या आपणहून आवाज कमी करतील.

कुंडीतली_माती
झाडांचं मी सांगते. हवा शुद्ध करण्याची गोष्ट नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून आली. तो हवाबंद पेटीत केला होता. आपल्या घरात खिडकी उघडली की झाडांपेक्षा कितीतरी जास्त काम होतं. तरी झाड लावाच, बघायला. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ च्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली.

पश्चिमेच्या उन्हात गोकर्ण छान चढतो, ग्रिलवर सोडा. कुंडी तारेने बांधा, खाली माणसं आहेत. आणि बांबूची चिक काचेच्या बाहेर, ग्रिलच्या आत लावा. आतून पडदा ओढलात तर ऊन तोवर घरात शिरलेलं असतं.

अर्धा_कप
तीन आठवड्यांनी आले. हिशोब: दोन लॅम्प २,२००, स्पीकर १,८००, खिडकीची पट्टी मजुरीसकट ७००, चिक ३,२००. एकूण ७,९००. मुलाचा लॅम्प माळ्यावर सापडला.

पहिल्याच दिवशी पिवळे दिवे लावून ट्यूब बंद केल्या, तर सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तिन्हीसांजेला अंधार करून बसलात? लक्ष्मी यायची वेळ ही." त्यांचंही खोटं नव्हतं, देव्हाऱ्यातलं निरांजन सोडलं तर हॉल खरंच उदास दिसत होता. तह असा झाला: दिवेलागणीला ट्यूब, जेवणं झाली की लॅम्प.

स्पीकरने कमाल केली. आवाज २८ वरून ११ वर. आता मालिकेतली रडारड त्यांच्या खुर्चीपुरतीच असते.

गोधडीवरून मात्र वाजलं. आजेसासूबाईंच्या लुगड्यांची आहे, तिच्यावर पाय? शेवटी दिवाणामागच्या भिंतीवर टांगली. @खर्ज, टाळीचं शेपूट निम्मं झालं. जांभळट नऊवारीचा काठ दिव्यात दिसतो आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तुकड्यातुकड्याचा इतिहास सांगतात.

गोकर्णाला चार पानं आलीत. भिंती पांढऱ्याच आहेत, रंगाचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

फटकळ
गोधडीचा फोटो टाका.

अर्धा_कप
उद्या उजेडात काढते. आत्ता ट्यूब लावली तर तह मोडेल.