पोटातून बसवलेली लघवीची नळी घरी कशी सांभाळावी? मदत हवी आहे

नमस्कार. माझे बाबा ७६ वर्षांचे, देवगड तालुक्यात आमच्या गावी असतात. प्रोस्टेट वाढल्याचं आधीच कळलं होतं, रात्रीची टॅमसुलोसिनची गोळीही चालू होती. सर्दी झाली म्हणून त्यांनी दुकानातून गोळ्या आणून तीन दिवस घेतल्या आणि तिसऱ्या रात्री लघवी पूर्ण अडकली. दहापासून मोरीत जाऊन बसत होते, "होईल गं, होईल" म्हणत. एकच्या सुमारास ओटीपोट दगडासारखं झालं, हात लावू देईनात. मग गाडी बोलावली.

जवळच्या दवाखान्यात खालून, म्हणजे लघवीच्या वाटेने, नळी घालून बघितली. आधी १६ नंबरची, मग "बारीक जाईल" म्हणून १२ ची, मग पुन्हा १६. जेली लावली ती नळीच्या टोकाला बोटभर. तिसऱ्या वेळी रक्त आलं तेव्हा थांबले. तिथून दोन तासांवरच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. युरॉलॉजिस्टनी (मूत्ररोगतज्ज्ञांनी) सोनोग्राफीत बघून ओटीपोटाच्या हाडाच्या वर दोन बोटांवर छिद्र केलं आणि थेट मूत्राशयात नळी बसवली. ११०० मिली लघवी निघाली. रक्तातलं क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) वाढलं होतं, ते आता उतरतंय. प्रोस्टेटचं ऑपरेशन दीडेक महिन्याने. तोवर नळी आमच्याकडे, आज बारावा दिवस.

छिद्राभोवती रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडं करते. पिशवी खाटेच्या पट्टीला अडकवते, म्हणजे मूत्राशयाच्या खाली राहते आणि जमिनीला टेकत नाही. किती वाजता किती लघवी, ते वहीत लिहिते.

परवा पहाटे बघते तर चार तासांत पिशवीत थेंब नाही आणि बाबा कण्हतायत. नळी त्यांच्या मांडीखाली दुमडली होती. सरळ केली तशी ३५० मिली धो धो आली. पण दुमडलेली नसती तर मी काय करायला हवं होतं? सिरिंजने पाणी मारायचं का? नळी निघूनच आली तर? मधूनच कळ येऊन खालूनही थोडी लघवी होते, हे ठीक आहे का?

आणि सगळ्यात मोठी भीती वेगळीच. रात्री-अपरात्री पुन्हा जवळच्याच दवाखान्यात जावं लागलं, तर तिथे परत खालून प्रयत्न सुरू होतील. बाबा झोपतानाही नळीवर हात ठेवून झोपतात. "परत खालून नको" एवढंच म्हणतात. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी निवृत्त सिस्टर आहे, बरीच वर्षं पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात काढली. शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते. युरॉलॉजिस्टकडून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या: खालून कॅथेटर गेला नाही, मूत्रमार्गाला इजा झाली आहे, मूत्ररोगतज्ज्ञाशिवाय पुन्हा प्रयत्न करू नये. त्याखाली नळीचा नंबर, नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्यातलं पाणी, बसवल्याची तारीख. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा. ड्युटीवरचा नवा डॉक्टर नातेवाइकाच्या बोलण्यावर थांबेलच असं नाही, लिहिलेल्यावर थांबतो.

तुमच्या बाबांचं काय झालं तेही सांगते. मोठ्या प्रोस्टेटपाशी बारीक नळी वळून दुमडते, आत जात नाही. तिथे टोकाला बाक असलेली नळी लागते, बाक वरच्या बाजूला ठेवून घालायची. जेली नळीला नाही, मूत्रमार्गात १० ते १५ मिली सोडायची आणि पाच मिनिटं खरंच थांबायचं. पेशंट ओरडत असताना ती पाच मिनिटं कुणी देत नाही, आणि तिथेच बिघडतं.

नळी निघाली तर स्वच्छ गॉज ठेवा, निघालेली नळी सोबत घ्या आणि त्या क्षणी निघा. छिद्र तासाभरातही आवळतं. इतक्या नव्या छिद्रात घरी नळी ढकलायची नाही, ती भलतीकडे जाऊ शकते. गाडीतून युरॉलॉजिस्टना फोन करा. पोट फुगून हाल होत असतील तर जवळचे डॉक्टर ओटीपोटातून सुईने लघवी काढून पुढच्या प्रवासापुरता आराम देऊ शकतात, तेही युरॉलॉजिस्टशी बोलून.

लघवी थांबली तर नळीचा पीळ, पिशवीची जागा बघा, कूस बदला. शौचाला कधी झालं तेही बघा, बद्धकोष्ठानेही नळी अडते. पाणी मारायचं नाही, रुग्णालयात हातात धरून शिकवलं असेल तरच. एवढं करूनही येत नसेल तर सकाळची वाट बघू नका. हुडहुडी भरून ताप आला, रक्ताच्या गाठी आल्या, तरी तसंच. नुसती गढूळ लघवी दिसली म्हणून स्वतःहून अँटिबायोटिक मात्र सुरू करू नका.

खालून थोडी येते ती मूत्राशयाच्या कळेने. पिशवी भरत असेल तर घाबरू नका. पिशवी कोरडी आणि खालून येतंय, तर नळी अडली समजा. पहिल्यांदा नळी बदलणं साधारण चार ते सहा आठवड्यांनी, तेही रुग्णालयातच. आणि सर्दीच्या गोळ्या घरात ठेवूच नका. त्यातलं फेनिलेफ्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि क्लोरफेनिरामिन मूत्राशयाला ढिलं पाडतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

सिस्टर, खूप आभार. कार्ड काढून बघितलं तर नळीचा नंबरच लिहिलेला नाही. नळीच्या दुसऱ्या टोकाला, फुग्याच्या नारिंगी तोंडाजवळ, १६ आणि १० मिली छापलंय, ते वहीत उतरवून घेतलं. चिठ्ठीसाठी सकाळीच फोन करते. एक विचारायचं राहिलं. बाबांना अंगणात चार पावलं चालायचं आहे. चालताना ती मोठी पिशवी हातात धरायची, की मांडीला बांधायची छोटी मिळते ती घेऊ?