जोडीने मेक्सिकोच्या समुद्रकाठी: तुमचे अनुभव सांगा

येत्या हिवाळ्यात आम्ही दोघं मेक्सिकोला जायचं म्हणतोय. दोघंही शाकाहारी. कानकून की पुएर्तो वायार्ता यावर घरात एकमत होत नाहीये. जोडीने जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

*

वायार्ता! डिसेंबर ते मार्च तिथल्या बांदेरास उपसागरात हंपबॅक देवमासे येतात, माद्या तिथेच पिल्लं घालतात. आमच्या बोटवाल्याने इंजिन बंद करून पाण्यात माइक सोडला आणि नराचं गाणं ऐकवलं. नवरा धृपद शिकलेला. खालचा सूर धरून हळूहळू वर सरकणारी ती मींड त्याने हॉटेलवर येऊन मला तीनदा गाऊन दाखवली. इतका खुललेला तो मला लग्नानंतर क्वचितच दिसलाय.

संध्याकाळी मालेकोनवर फिरा. समुद्रालगतचा पायी चालायचा रस्ता आहे, वाटेत शिल्पं, मागे ग्वादालुपेच्या चर्चचा मुकुट घातलेला मनोरा. खाण्याचं म्हणाल तर नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून भागत नाही. घोटलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, म्हणून 'सिन मान्तेका' (चरबी नको) हेही सांगायचं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज घालून दुमडलेली पोळी) मिळाली तर सोडू नका.

*

आम्ही कानकूनला मे महिन्यात गेलो होतो. सारगासम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ किनाऱ्यावर ढिगांनी येऊन पडलं होतं. ते कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. उन्हाळ्यात त्याचा जोर असतो, हिवाळ्यात त्रास बराच कमी. फेरीबोटीने इस्ला मुखेरेसला गेलो, तिथल्या प्लाया नोर्तेवर मात्र पाणी नितळ होतं. आणि हो, अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही.

*

आम्ही साठी उलटलेले. मुलीने आग्रह करून आम्हा दोघांनाच कानकूनच्याच बाजूच्या तुलुमला पाठवलं. युकातान द्वीपकल्पाच्या त्या चुनखडीच्या जमिनीत पावसाचं पाणी मुरतं, वर नद्या जवळजवळ नाहीतच. खालच्या गुहेचं छत कोसळलं की जो डोह उघडा पडतो तो सेनोते. ह्यांचं लहानपण गुहागरला विहिरीत सूर मारण्यात गेलेलं; ते पाणी बघून थांबतात होय! पण आधी शॉवर घ्यावा लागतो, सनस्क्रीन लावून उतरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मला भावलं ते चिकूचं झाड. मूळचं त्याच भागातलं. तिथले प्राचीन माया लोक देवळांच्या दारांवर त्याच्याच लाकडाच्या तुळया घालत. माझं माहेर घोलवडचं, वाडीतच वाढले मी. त्या झाडाखालून मला निघवेना, आणि ह्यांनीही एकदासुद्धा घाई केली नाही.

*

आमचं वेगळंच. कानकूनच्याच किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनला गेलो आणि रिसॉर्टबाहेर पाऊलही टाकलं नाही. जुळी मुलं प्रथमच आजीकडे होती. कित्येक महिन्यांत आम्ही दोघं एका वेळी जेवायला बसलो नव्हतो, तिथे तिन्ही वेळा समोरासमोर बसून सावकाश जेवलो. चिचेन इत्सा हे जुनं माया शहर बघायचं राहिलं, त्याचं अजिबात दुःख नाही. दमलेले असाल तर ऑल-इन्क्लुझिव्हच (खाणंपिणं भाड्यातच धरलेलं) घ्या, फक्त खोली डिस्कोपासून लांबची मागा.