डिझेलचा दर विहिरी खोदून उतरेल की कर घटवून?

बागायतदार_तासगाव
महागाईचा विषय निघाला की पुढारी सांगतात, देशातच तेल काढू, मग डिझेल स्वस्त होईल. तेल जरूर काढा, पण त्यानं पंपावरचा दर उतरत नाही. मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागलं, तरी ते तेल आज रिफायनरीला जागतिक बाजाराच्या भावानंच जातं. दर उतरतो तो करामुळं. मे २०२२ मध्ये केंद्रानं उत्पादन शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी घटवलं, ते दुसऱ्याच दिवशी पंपावर दिसलं.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं सकाळ-संध्याकाळ ट्रॅक्टरवरचा औषध फवारायचा ब्लोअर फिरवावा लागतो. चिखलात ट्रॅक्टर रुततो, डिझेल दुप्पट जळतं, आणि द्राक्षाचा दर मात्र व्यापारी ठरवतो. शेतीच्या डिझेलवरचा कर सोडा.

कृष्णाकाठ
आणि तिजोरी कशानं भरायची? जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात राहिलेल्या मोजक्या करांत इंधनाचा व्हॅट आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकार उचलतं, तो कुठून येतो? त्या पाण्यावरच बागा उभ्या आहेत.

तेल काढण्याला दुय्यम समजू नका. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. देशातलं उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३.८ कोटी टन होतं, २०२३-२४ मध्ये ते २.९ कोटींवर आलं. जुन्या विहिरी आटत चालल्यात. तेवढे डॉलर जास्त जातात, रुपया पडतो, आणि खत-औषधंही महागतात.

मालवाहतूक_मिरज
डिझेल जीएसटीत घ्या, एवढंच म्हणणं. कारखानदार कच्च्या मालावरचा जीएसटी वळता करून घेतो, आमचा डिझेलवरचा कर कुठंच वळता होत नाही. सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या जीएसटी परिषदेत विषय निघाला आणि तिथंच बाजूला ठेवला. सगळ्या पक्षांची राज्यं त्यात एक झाली!

बागायतदार_तासगाव
@कृष्णाकाठ, मी व्हॅटला हात लावा म्हणतच नाही. केंद्राचं बघा. २०२१ च्या अर्थसंकल्पात राज्यांना वाटा मिळणारं मूळ शुल्क पेट्रोलवर १.४० आणि डिझेलवर १.८० रुपयांवर आणलं. बाकीचं विशेष शुल्क आणि सेस, त्यात राज्याला दमडी नाही. ते कमी केलं तर टेंभूचं बिल अडत नाही. मे २०२० मध्ये जगात तेल मातीमोल झालं होतं, तेव्हा आपल्याकडं डिझेलवर १३ रुपये वाढवले. स्वस्ताईचा फायदा आमच्यापर्यंत आलाच नाही.

सह्याद्री_सातारा
डिझेल स्वस्त केलं तर वापर आणि आयात दोन्ही वाढणार. त्यापेक्षा तो पैसा सौरपंपाला द्या.

बागायतदार_तासगाव
सौरपंपानं पाणी उपसतं, ब्लोअर फिरत नाही. कोकणात मच्छीमारांच्या बोटींना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो. तशीच रीत केंद्राच्या सेसला लावा, सात-बारावरची द्राक्षाची नोंद बघून पैसे खात्यात टाका.

कृष्णाकाठ
बोटीवाला डिझेल स्वतः भरतो. आपल्याकडं अर्धा एकरवाला ट्रॅक्टर तासावर भाड्यानं घेतो. सात-बारा त्याचा, डिझेलची पावती ट्रॅक्टरवाल्याची. परतावा कुणाच्या खात्यात टाकणार, ते आधी सांगा.