मदत हवी आहे : घरात टीबीचा पेशंट, फवारणी कशाची करावी?

चादरकर :
वडिलांना टीबी निघालाय. घर लहान. दोन दिवस फिनाईलनं फरशी पुसतोय, त्यांचं ताट-वाटी वेगळं काढलं, पांघरुणं उकळून घेतली. तरी जीव थाऱ्यावर नाही. हवेतले जंतू मरतील असं फवारायचं औषध कुठं मिळतं? नव्या पेठेत दोन दुकानं फिरलो, कुणी धड सांगेना. लवकर सांगा की ओ, आज रात्रीच मारायचंय.

सुमनताई :
फुफ्फुसाचा की गाठीचा? गोळ्या सुरू झाल्या का? घरात लहान मूल आहे का?

पूर्वभाग_७ :
गोवरीवर कापूर न् ओवा टाकून धुरी द्या. आमच्यात रोज संध्याकाळी असते, कुणाला काही नाही.

निवृत्त_लॅबवाला :
धुरी अजिबात नको! फुफ्फुस आधीच पोखरलंय, त्यात धूर? मी बावीस वर्षं थुंकीच्या काचपट्ट्या तपासल्या. ताटातून, फरशीवरून टीबी लागत नाही. खोकल्यातून उडालेले बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात, ते श्वासातून आत जातात. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, वडिलांना मास्क लावा.

पूर्वभाग_७ :
म्हणजे आमचे वाडवडील वेडे होते का?

निवृत्त_लॅबवाला :
ते आजाऱ्याला ओसरीवर, उन्हाला बसवायचे. तेवढं घ्या त्यांच्याकडून.

अभि_जुळे_सोलापूर :
कूलर लावा, हवा खेळती राहते. फक्त पाणी बदलत जा, डासाच्या अळ्या होतात. पण बदलायचं कसं, नळाला चार-चार दिवस पाणी नाही!

विडी_घरकुल :
चार? आमच्यात पाचव्या दिवशी येतं, तेपण रात्री दोनला.

सुमनताई :
पाण्यासाठी वेगळा धागा काढा. आणि खोलीत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो. खिडकीत बसवून बाहेरची हवा ओढली आणि समोरची खिडकी उघडी असली, तरच उपयोग. चादरकर, उत्तर द्या.

चादरकर :
फुफ्फुसाचाच. गोळ्या सोमवारी चालू झाल्या. पुतणी तीन वर्षांची आहे, आजोबांजवळच झोपते. ते खालच्या खोलीत असतात, तिथंच आमचे दोन माग. खिडक्या बंदच असतात, कोरडा वारा लागला की सूत तुटतं. प्लास्टिक ठोकलंय वरून.

निवृत्त_लॅबवाला :
अहो, हे आधी सांगायचं! प्लास्टिक आजच काढा. पुतणीला आजपासून वेगळं झोपवा आणि उद्या गोळ्या मिळाल्या तिथंच घेऊन जा. पाच वर्षांखालच्या मुलांना तपासणीत टीबी नाही निघाला तरी प्रतिबंधक औषध देतात. घरातल्या सगळ्यांचीच तपासणी करा. औषध लागू पडलं तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो, पण गोळ्या सहा महिने तरी चुकवायच्या नाहीत.

विडी_घरकुल :
वडिलांचं पासबुक द्या तिथं. टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे, तिचे महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात.

चादरकर :
पैशाचं नंतर बघू. प्लास्टिक काढलं. खिळे गंजलेले, पक्कडनं ओढावे लागले. झरोक्यातून ऊन पडलं तर मागावर सुताची धूळ नुसती तरंगताना दिसली. इतकी वर्षं हीच हवा घेत होतो. चुलते कुरकुरतायत, सूत तुटणार म्हणून. तुटू दे. पुतणी 11 किलोची आहे, तिला गोळी वजनावर देतात का?

सुमनताई :
वजनावरच. किती ते डॉक्टर ठरवतील. वडिलांचं उपचाराचं कार्ड सोबत न्या.