ड्रायव्हर अपडेटनंतर 'व्हर्जन मिसमॅच' येतंय, ग्राफिक्स कार्ड सापडत नाही, सल्ला हवा (इंदूर)

पलासियाकर:
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. घरातली होळकरांच्या वेळची मोडी कागदपत्रं स्कॅन करून अक्षरं ओळखणारं मॉडेल शिकवतोय, पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीवर, उबुंटू २२.०४ आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. रात्रीपासून एक ट्रेनिंग चालू आहे आणि ते अजूनही मस्त चालून राहिलंय, पण सकाळी दुसरं लावायला गेलो तर कार्डच नाही म्हणतं, आणि एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) मारलं की 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच'. मी हाताने काहीही टाकलेलं नाही. जेल रोडला एका दुकानात विचारलं तर म्हणाले कार्ड गेलं, नवीन घ्या. कागद ठिसूळ होत चाललेत, काम थांबवायचं नाहीये.

मल्हारगंज_टर्मिनल:
दादा, कार्ड ठणठणीत आहे, एक रुपया घालवू नका. जे ट्रेनिंग चालू आहे तोच पुरावा.
ड्रायव्हरचे दोन भाग असतात, एक कर्नल मॉड्यूल (सिस्टिमच्या गाभ्यात बसणारा तुकडा), जो बूट होताना मेमरीत चढतो, आणि दुसरा म्हणजे डिस्कवरच्या लायब्रऱ्या, लिबकुडा, लिबएनव्हिडिया-एमएल वगैरे. दोघांचं व्हर्जन अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं लागतं. उबुंटूचं अनअटेंडेड अपग्रेड आपलं आपण चालतं, त्याने लायब्रऱ्या बदलल्या, पण मेमरीतला मॉड्यूल रीबूटपर्यंत जुनाच राहतो. रात्रीच्या ट्रेनिंगने जुनी लायब्ररी आधीच उघडून धरलीये म्हणून त्याला काही झालं नाही, नवीन प्रोसेस मात्र नवी लायब्ररी उचलते आणि अडकते.
/प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/व्हर्जन ही फाइल कॅट करा, तिथे मेमरीतल्या मॉड्यूलचं व्हर्जन दिसेल. मग डीपीकेजी -एल या पॅकेजेसची यादी देणाऱ्या कमांडने डिस्कवरचं बघा. दोन्ही इथे टाका.

छप्पनकर:
माझं ऐकाल तर सगळं पर्ज करा (मुळापासून काढा) आणि एनव्हिडियाच्या साइटवरून .रन इन्स्टॉलर फाइल उतरवून स्वच्छ टाका. मी नेहमी तसंच करतो.

मल्हारगंज_टर्मिनल:
छप्पनकर, राग मानू नका, पण इथे ते नको. .रन ने टाकलेल्या फाइली एपीटीला (उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरला) माहीतच नसतात, पुढे कधी एपीटीने ड्रायव्हर आला की दोन्हीच्या लायब्रऱ्या एकमेकांत मिसळतात आणि मग खरं गुंतागुंतीचं होतं. इथे बिघडलंय काहीच नाही, फक्त अर्धं जुनं अर्धं नवं आहे.

पलासियाकर:
मेमरीत ५३५.१७१.०४, डिस्कवर ५३५.१८३.०१. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. आता लगेच रीबूट करू का?

मल्हारगंज_टर्मिनल:
नाही, चालू ट्रेनिंग पूर्ण होऊ द्या, चेकपॉइंट (मॉडेल आतापर्यंत जे शिकलंय त्याची प्रत) सेव्ह झाला की मगच. आणि रीबूटआधी 'डीकेएमएस स्टेटस' बघा (डीकेएमएस प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधतं), ज्या कर्नलवर मशीन उठणार त्याच्यासाठी नवा मॉड्यूल 'इन्स्टॉल्ड' दिसला पाहिजे. दिसला नाही तर बहुतेक त्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) नाहीत, ते आधी टाका. सिक्युअर बूट चालू असेल तर मोकयुटिल कमांडने तेही तपासून ठेवा, सही नसलेला मॉड्यूल कर्नल घेतच नाही.

पलासियाकर:
झालं रीबूट, एसएमआय चालतंय! पण कोपऱ्यात कुडा (कार्डावर गणितं चालवणारी एनव्हिडियाची प्रणाली) १२.२ लिहून येतंय आणि माझं पायटॉर्च ११.८ वालं आहे. शिवाय ट्रेनिंग लावलं की आता सीयूडीएनएनची (न्यूरल नेटवर्कसाठीची एनव्हिडियाची लायब्ररी) तक्रार, ८.७ हवं होतं, ८.२.४ सापडलं म्हणे. १२.२ चं टूलकिट टाकू का?

बाणगंगा_ताई:
भाऊ, टूलकिटला हात लावू नका. एसएमआयच्या कोपऱ्यातला आकडा म्हणजे हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कुडापर्यंत चालवू शकतो ते, मशीनवर काय टाकलंय ते नाही. १२.२ वाल्यावर ११.८ आरामात चालतं. पायटॉर्चचं व्हील (तयार पॅकेज) आपला कुडा रनटाइम आणि सीयूडीएनएन सोबतच घेऊन येतं. तुमच्याकडे कोणीतरी जुनं टूलकिट टाकलेलं दिसतंय, .बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) एलडी_लायब्ररी_पाथ अशी ओळ आहे का? ती ओळ पायटॉर्चच्या आधी जुनी लायब्ररी समोर आणून ठेवते.

पलासियाकर:
आहे ताई, अगदी तीच! भाच्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कुडा ११.४ टाकलं होतं. पण मग रात्रीचं कसं चाललं?

बाणगंगा_ताई:
टीमक्समध्ये (मागे चालू राहणारं टर्मिनल सेशन) लावलं होतं ना? ते सेशन ती ओळ यायच्या आधीचं असणार. ओळीपुढे हॅश (#) लावा म्हणजे ती बंद होईल, नवीन टर्मिनल उघडा आणि चालवा. भाच्याला लागेल तेव्हा त्याने आपल्या स्क्रिप्टपुरता तो पाथ द्यावा, सगळ्या मशीनला नको.

पलासियाकर:
चाललं! पहिला इपॉक (सगळ्या डेटाची एक फेरी) पुढे सरकतोय. मल्हारगंज, ताई, फार मोठं काम केलंत. परत आपोआप होऊ नये म्हणून?

मल्हारगंज_टर्मिनल:
अनअटेंडेड अपग्रेडच्या ब्लॅकलिस्टमध्ये एनव्हिडियाची पॅकेजेस आणि लिबएनव्हिडिया दोन्ही टाका, एकच टाकलं तर पुन्हा अर्धं-अर्धं. पण कायमचं गोठवू नका, सिक्युरिटीचे फिक्स त्यातूनच येतात. मशीन रिकामं असेल त्या दिवशी हाताने अपग्रेड करा आणि लगेच रीबूट.

बडोदेकर_७:
मध्येच विचारतो, बडोद्याहून. माझ्याकडे जीटीएक्स १०६० आहे, ५८० चा ड्रायव्हर टाकू का?

बाणगंगा_ताई:
टाका, चालेल. तुमचं कार्ड पास्कल पिढीचं, त्या कार्डांसाठी ५८० ही शेवटची शाखा आहे, त्याच्या पुढे जाऊ नका. कुडा १३ मधून पास्कल काढलंय, आणि पायटॉर्च घेताना कुडा १२.६ वालं व्हील निवडा, १२.८ वाल्या नव्या व्हीलमध्ये तुमचं कार्ड नाही.